नाशिक ते नागपूर विमानप्रवास: अंतर, वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक–नागपूर हवाई अंतर शोधायला गेले की ५४५, ५६६, ३३९, २९४ असे आकडे समोर येतात. यातला एकही चुकीचा नाही, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रवासाचे नियोजन करणाऱ्याला मात्र यातला कुठलाच आकडा पुरत नाही. त्याला हवा असतो घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचा वेळ. म्हणून खालची उत्तरे अंतरापासून सुरू होतात आणि त्या वेळेपर्यंत जातात.

दोन्ही विमानतळांमधले नेमके अंतर किती?

नाशिकच्या ओझर विमानतळाच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर ५४५ किलोमीटर आहे. इंग्रजी मैलांत हेच ३३९ आणि नॉटिकल मैलांत २९४ होते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आकडा कुठल्या एककात दिला आहे हे न पाहता तो पुढे पाठवल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो.

मग काही ठिकाणी ५६६ किलोमीटर का दिसते?

ते अंतर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेले असते. ओझर नाशिकच्या ईशान्येला आहे, म्हणजे नागपूरच्या बाजूलाच. सोनेगाव नागपूरच्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे नाशिकच्या बाजूला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे सरकलेले असल्याने हवाई अंतर वीसेक किलोमीटरने कमी भरते. ते वीस किलोमीटर वाचत मात्र नाहीत, ते तुम्हाला टॅक्सीने कापावे लागतात.

५४५ आणि ५४६ असा एका किलोमीटरचा फरक दिसला तर तो मोजण्याच्या पद्धतीचा आहे. पृथ्वी नितळ गोल धरली की ५४५ येते आणि ध्रुवांकडे किंचित चपटी धरली की पूर्व–पश्चिम अंतर जरासे वाढते.

विमान खरोखर या सरळ रेषेत उडते का?

नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी जाणे, उड्डाणानंतरचे वळण, उतरण्यापूर्वी धावपट्टीच्या रेषेत येणे हे सगळे मिळून विमान साधारण ५ टक्के जास्त अंतर कापते. म्हणून हिशोबाला ५७० ते ५८० किलोमीटर धरावेत.

कागदावरची सरळ रेषा ओझरहून पूर्वेकडे, किंचित उत्तरेला झुकून निघते. उत्तर दिशेपासून मोजले तर सुमारे ७८ अंशांवर. चाळीसगावच्या दक्षिणेने आणि अजिंठ्याच्या लेण्यांच्या जवळून ती बुलढाणा आणि अकोल्यावर येते, अमरावतीला डावीकडे ठेवते आणि नागपूरला पोचते. खानदेशाची कड आणि जवळजवळ सगळा पश्चिम विदर्भ तुम्ही आडवा पार करता.

तिकिटावर लिहिलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढची बरीच उत्तरे यावर टेकलेली आहेत. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभ्या जागी थांबेपर्यंतचा हा वेळ. त्यात टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचे जमिनीवर चाकांवरून चालणे येते, धावपट्टीच्या तोंडाशी थांबणे येते आणि कंपनीने उशीर गृहीत धरून घातलेली पाच-दहा मिनिटेही येतात. ‘विमान वीस मिनिटे उशिरा सुटले, तरी वेळेवर कसे पोचले?’ याचे उत्तर बहुतेक वेळा याच वाढीव मिनिटांत असते.

एटीआर विमानाला किती वेळ लागतो?

प्रादेशिक मार्गांवर एटीआर ७२ हे पंख्याचे विमान सर्रास दिसते. त्याचा सर्वाधिक क्रूझ वेग, म्हणजे वर चढून स्थिर झाल्यावरचा वेग, ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा वर जातो. चढण आणि उतार धरून सरासरी ताशी ४५० किलोमीटर पकडली, तर हिशोब असा:

जागेवरून हलून धावपट्टीवर पोचायला ८ ते १२ मिनिटे. ५७५ किलोमीटर हवेत कापायला सुमारे ७७ मिनिटे. उतरल्यावर उभ्या जागी यायला ५ मिनिटे. बेरीज दीड तासाच्या आसपास येते. त्यावर कंपनीची राखीव मिनिटे धरली की तिकिटावर १ तास ३५ मिनिटे ते पावणेदोन तास दिसावेत.

आणि जेट विमानाला?

एअरबस ए३२० सारखे विमान हे अंतर हवेत ५० ते ५५ मिनिटांत कापते, तिकिटावर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे दिसतात. वेग दीडपटीहून जास्त असूनही बचत वीस-पंचवीस मिनिटांचीच होते, कारण एवढ्या जवळच्या प्रवासात जेटला पूर्ण वेगाने आणि पूर्ण उंचीवर फार थोडा वेळ मिळतो. चढून स्थिर होते न होते तोच उतरायला सुरुवात करावी लागते. या मार्गावर एटीआर मिळाले म्हणून हळहळण्याचे खरे कारण नाही.

वेळ काढणारी संकेतस्थळे १ तास ११ मिनिटे दाखवतात. ते कुठून येते?

अशी बहुतेक गणिते एकच वेग धरतात, साधारण ताशी ८०० किलोमीटर. ५४५ ला ८०० ने भागले की ४१ मिनिटे, त्यात चढण-उतरणीची ठोक ३० मिनिटे मिळवली की १ तास ११ मिनिटे. विमान कोणते, वारा कुठला, धावपट्टी कोणत्या दिशेची, यातले काहीच त्या आकड्यात नसते. पुढची गाडी किंवा बैठक त्या भरवशावर ठरवू नका.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. नागपूरला जाताना तो पाठीवर असतो, परतताना तोंडावर. ताशी ४० किलोमीटरचा वारा धरला तर एटीआरला जाताना हवेत सुमारे ७० मिनिटे लागतात आणि येताना ८४. एकाच मार्गावर चौदा मिनिटांचा फरक पडतो, आणि त्यात वैमानिकाची हुशारी किंवा चूक काही नसते.

पावसाळ्यात चित्र बदलते. जेट ज्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतात, तिथे तेव्हा वारे पूर्वेकडून येतात, म्हणून नाशिककडे परतणाऱ्या जेटला थोडी मदत होते. एटीआर साधारण पाच किलोमीटरच्या आसपास उडते. त्या थरात पावसाळी वारे दिवसागणिक बदलतात, म्हणून त्याच्याबाबत ठाम नियम सांगता येत नाही.

धावपट्टीच्या दिशेने एवढा काय फरक पडतो?

विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उड्डाण घेते आणि उतरते. ओझरची ३,००० मीटरची धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की विमान आधी पश्चिमेकडे, म्हणजे नागपूरच्या नेमक्या उलट दिशेला उडते आणि मग वळते. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे. पश्चिमेकडून आलेल्या विमानाला वायव्येच्या टोकाकडून उतरायला मिळाले तर ते जवळजवळ थेट येते. आग्नेयेकडून उतरायचे असेल तर विमानतळ ओलांडून पुढे जाऊन मागे फिरावे लागते. दोन्ही टोकांना वारा प्रतिकूल असला तर पाच ते दहा मिनिटे सहज वाढतात. खिडकीतून शहर दिसले आणि तरी विमान पुढेच चालले, तर घाबरू नका. ते हेच वळण घेत असते.

या मार्गावर थेट विमान आहे का?

मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या तीन मार्गांत गोवा आणि अहमदाबादसोबत नागपूर होते. वेळापत्रक मात्र वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. प्रादेशिक मार्गांवर या दोन तारखांना वेळ, आठवड्यातले दिवस, कधी विमानाचा प्रकारही बदलतो. एप्रिल किंवा नोव्हेंबरमधला प्रवास फेब्रुवारी किंवा सप्टेंबरच्या वेळापत्रकावर ठरवू नका. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तोही पाहा.

शोधताना कोणते कोड टाकायचे?

नाशिकसाठी आयएसके, नागपूरसाठी एनएजी. नाशिक शहरात गांधीनगरलाही एक धावपट्टी आहे, ती लष्कराच्या आर्मी एव्हिएशन या हवाई शाखेची आहे. प्रवासी विमाने ओझरहूनच सुटतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना नकाशावर ठिकाण पाठवताना हे तपासूनच पाठवा.

ओझरला पोचायला किती वेळ धरावा?

नाशिकच्या मध्यवर्ती भागातून विमानतळ सुमारे वीस-बावीस किलोमीटर आहे. मुंबई–आग्रा महामार्गाने जाऊन दहाव्या मैलाजवळ जानोरीच्या बाजूला वळायचे. प्रवासी टर्मिनल जानोरीच्या हद्दीत आहे, ओझर गावात किंवा तिथल्या विमानांच्या कारखान्याच्या दारात नाही. इथे चुकणारे बरेच असतात. रस्ता मोकळा असेल तर ४० मिनिटे, संध्याकाळी द्वारका चौकातून यायचे असेल तर एक तास धरा. नाशिकरोडकडून येणाऱ्यांनीही एक तासच धरावा. टॅक्सी येण्याजाण्यासाठी आधी ठरवून ठेवलेली बरी. विमाने मोजकीच असल्याने दाराशी गाड्यांची रांग कायम उभी नसते.

२०२७ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या स्नानांच्या तारखांना हे सगळे वेळ दुप्पट धरावेत.

विमानतळावर किती आधी हजर राहायचे?

बहुतेक देशी कंपन्या सामान घेणारी खिडकी विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद करतात आणि बोर्डिंगचे दार २५ मिनिटे आधी. छोटा विमानतळ आहे, गर्दी नसते, म्हणून लोक उशिरा निघतात. गर्दी नसली तरी खिडकी त्याच वेळी बंद होते. सामान टाकायचे असेल तर दीड तास आधी पोचा. फक्त हातातली बॅग आणि वेब चेक-इन असेल तर सव्वा तास पुरतो.

दारापासून दारापर्यंत एकूण किती तास?

नाशिकच्या मध्यातून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत, एटीआरने: ओझरपर्यंत ४५ मिनिटे, विमानतळावर दीड तास, ब्लॉक टाइम १ तास ४० मिनिटे, उतरून सामान घेऊन बाहेर यायला २५ मिनिटे, सीताबर्डीपर्यंत २५ ते ३० मिनिटे. एकूण पावणेपाच ते पाच तास. यातला हवेतला वेळ जेमतेम पाव हिस्सा आहे. प्रवास आटोपशीर करायचा असेल तर विमानाच्या वेगापेक्षा बाकीच्या पाऊण हिश्शाकडे लक्ष द्या. सामान फक्त हातात ठेवले, तर अर्धा तास तिथेच सुटतो.

रेल्वे आणि समृद्धी महामार्गाशी तुलना केली तर?

रेल्वेने नाशिकरोड ते नागपूर सुमारे ६५० किलोमीटर आहे, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा मार्ग. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेससारख्या गाड्यांना साधारण दहा-अकरा तास लागतात. पण रात्रीची गाडी मिळाली आणि बर्थ पक्का असला तर दिवस वाया जात नाही. सकाळी दहाला नागपुरात काम असेल, तर पहाटे उठून विमान पकडण्यापेक्षा ही सोय अनेकांना जास्त मानवते, आणि ते बरोबरच आहे.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. नाशिकहून सिन्नर तालुक्यात गोंदेजवळ त्यावर चढता येते. एकूण अंतर सहाशेच्या आसपास भरते आणि गाडी चालवण्याचा वेळ सुमारे सात तास, थांबे धरून आठ. मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. निघण्यापूर्वी टायरची हवा आणि झीज तपासा. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने धावताना जुने टायर फुटतात. सरळ रस्त्याने येणारी गुंगीही खरी आहे, दर दोन तासांनी उतरून चाला. चार जण असतील, सामान भरपूर असेल तर मोटार स्वस्त पडते. एकट्याने एकाच दिवसात जाऊन यायचे असेल, तर मोटारीचा विचार सोडून द्या.

थेट विमान नसलेल्या दिवशी काय करावे?

दुसऱ्या शहरात विमान बदलून जाण्यात सहा-सात तास सहज जातात. दुसरा मार्ग म्हणजे रस्त्याने मुंबई किंवा पुण्याला जाऊन तिथून उडणे. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, पुणे–नागपूर ६०५. पण नाशिकहून तिथे पोचायलाच चार ते साडेचार तास लागतात, मग समृद्धीच बरा. मुक्काम अमरावतीला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. नागपूरला उतरून दीडशे किलोमीटर मागे यायचे की नाही, हे ठरवताना तीही तपासा.

वेगवेगळ्या तिकिटांवर जोडप्रवास करत असाल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

उशीर सर्वांत जास्त कधी होतो?

डिसेंबर–जानेवारीच्या पहाटे धुक्यामुळे. ओझरच्या शेजारचे निफाड राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत मोजले जाते आणि नागपूरलाही त्या दिवसांत सकाळी धुके उतरते. सकाळी दहानंतरचे विमान घेतले तर हा धोका बराच कमी होतो.

एप्रिल ते जून दुपारनंतर विदर्भात वळिवाचे ढग उभे राहतात. ते बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात. एटीआरची कमाल उंचीच साडेसात किलोमीटरच्या आसपास असल्याने त्याला वरून जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. वेळही वाढतो आणि हिसकेही बसतात. या महिन्यांत सकाळचे विमान चांगले, म्हणजे हिवाळ्याच्या नेमके उलट.

तिसरे कारण उष्णता. पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवरचे नागपूर विमानाला जवळपास १,५०० मीटर उंचीवर असल्यासारखे वाटते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, म्हणून कधी वजन मर्यादित ठेवावे लागते. एखादी बॅग मागच्या विमानाने आली तर कारण हेही असू शकते.

आणि एक कारण जे फलकावर नीट कळत नाही: बरेचदा तेच विमान दिवसभर तीन-चार शहरे फिरून तुमच्याकडे येते. सकाळी कुठे चाळीस मिनिटे गेली, तर ती संध्याकाळपर्यंत साचत जातात. निघण्यापूर्वी तुमच्या उड्डाणासोबतच ते विमान आधी कुठून यायचे आहे आणि तिथून सुटले का, हे पाहा.

उशीर झाला किंवा विमान रद्द झाले तर काय मिळते?

इथे ब्लॉक टाइम पुन्हा कामाला येतो. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणेपिणे द्यावे लागते. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

वेळेत न कळवता विमान रद्द केले तर परताव्याखेरीज भरपाई असते. एक ते दोन तासांच्या ब्लॉक टाइमसाठी ती ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नाशिक–नागपूर याच गटात बसते. हवामान किंवा सुरक्षेसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही, परतावा किंवा पर्यायी विमान मात्र मिळते. तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या. एजंटाचा क्रमांक नोंदला असेल तर रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडे पडून राहतो आणि ‘कळवले होते’ हे कंपनीचे म्हणणे खरे ठरते.

एटीआरमध्ये कुठली जागा घ्यावी?

प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, म्हणून घाईत असाल तर शेवटच्या ओळी. पंखे पुढच्या भागाच्या रेषेत येतात, तिथे आवाज आणि थरथर जास्त. रचना दोन-दोन आसनांची आहे, मधली जागा नसतेच. पंख खिडक्यांच्या वर असल्याने खालचे दृश्य बहुतेक ठिकाणांहून मोकळे दिसते. वरचे सामानकप्पे लहान असतात. चाकांची कडक बॅग ७ किलोच्या आत असूनही तिथे मावेलच असे नाही, कापडी बॅग बरी. चढायला पायऱ्या असतात. व्हीलचेअर लागणार असेल तर ४८ तास आधी कळवा.

लोणार सरोवर दिसते का?

सहसा नाही. ते सरळ रेषेच्या सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेला आहे आणि सरोवर धरणारे विवर जेमतेम १.८ किलोमीटर रुंद. नागपूरला जाताना डावीकडची खिडकी घेतली तर उड्डाणानंतर सातमाळ्याच्या डोंगरांची रांग मात्र चांगली दिसते. ओझरचा विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा आहे, तिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे. जमिनीवर असताना फोटो-व्हिडिओ टाळा आणि खिडकीच्या पडद्याबाबत मिळणाऱ्या सूचना पाळा.

द्राक्षे, वाइन, संत्री नेता येतात का?

द्राक्षे हातातल्या बॅगेत न्या. सामानात टाकली तर दबून रस गळतो आणि बाकीच्यांचे कपडे भिजतात. वाइन सामानात टाकावी, प्रत्येक बाटली कपड्यांत गुंडाळून. मद्यार्काचे प्रमाण २४ टक्क्यांच्या आत असल्याने धोकादायक वस्तूंची बंधने तिला लागत नाहीत. राज्याचे मद्य परवान्याचे नियम मात्र लागतात. परतताना संत्री आणि संत्रा बर्फी कुठेही चालते, फक्त देशांतर्गत तिकिटावर सामान्यतः १५ किलोच मोफत असतात आणि संत्र्यांची पेटी हा आकडा पटकन गाठते. तेलकट लोणचे आणि तूप हातातल्या बॅगेत अडवले जाऊ शकते. सुके खोबऱ्याचे गोळे पेट घेऊ शकतात म्हणून नेऊच नयेत. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

नागपूरला उतरल्यावर मेट्रो मिळते का?

मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेवर विमानतळ नावाचे स्थानक आहे, पण ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. हातात एकच बॅग असेल तर रिक्षाने तिथपर्यंत जाऊन सीताबर्डीला उतरणे स्वस्त आणि भरवशाचे. सामान जास्त असेल तर थेट टॅक्सी घ्या. दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि डिसेंबरमधल्या विधिमंडळ अधिवेशनात वर्धा रोडच्या आसपास वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत मेट्रोच आधी गाठते, आणि विमानाची तिकिटेही महिनाभर आधी काढलेली बरी.

दोन्ही शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही, सूर्यात आहे. नागपूर पूर्वेला सुमारे पाच अंश असल्याने तिथे सूर्य वीसेक मिनिटे आधी उगवतो आणि आधी मावळतो. संध्याकाळच्या विमानाने पोचून पुढे ताडोबा किंवा पेंचकडे गाडीने जायचे असेल, तर अंधार नाशिकच्या सवयीपेक्षा लवकर पडेल हे धरून निघा.